गाडी कुठे आहे ते कळले. ती येणार की नाही, ते कधी कळणार?

बारामती-इंदापूरच्या प्रवाशांसाठी एसटीच्या वाहन मागोवा यंत्रणेचा अर्थ

राज्य परिवहन महामंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दसऱ्याच्या सुमारास 'आपली एसटी' हे ॲप प्रवाशांच्या हाती दिले. राज्यातील १२ हजारांहून अधिक बस या घडीला कुठे आहेत, हे त्यामुळे मोबाइलच्या नकाशावर पाहता येते. बसमध्ये बसवलेले जीपीएस उपकरण आपले ठिकाण सतत मध्यवर्ती संगणकाला कळवत राहते आणि तेथून ती माहिती प्रवाशापर्यंत येते. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला यात फारसे नवल वाटणार नाही. टॅक्सी असो वा घरपोच येणारे जेवण, ते कुठवर आले हे पाहण्याची त्याला सवय झाली आहे. ज्या गावांत दिवसाला दोन-तीनच फेऱ्या येतात, त्यांच्यासाठी मात्र ही माहिती निव्वळ सोयीची बाब नाही. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके त्याचे ठळक उदाहरण आहेत. यंत्रणेचे खरे मूल्यमापन येथेच व्हायला हवे आणि तिची खरी मर्यादाही येथेच दिसते.

दोन तालुके, तीन आगारे

महामंडळाच्या पुणे विभागात या परिसरासाठी तीन आगारे आहेत. बारामती शहर, बारामती औद्योगिक वसाहत आणि इंदापूर. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पुण्याला धावली. तेव्हापासून पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाचे दळणवळण प्रामुख्याने एसटीवर उभे राहिले. दौंडहून बारामतीपर्यंत रेल्वे आहे, पण तिचा उपयोग मर्यादित. इंदापूर शहराला रेल्वे नाही. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापूरवरून जातो. त्या रस्त्यावर गाड्यांची वर्दळ असते. महामार्ग सोडून आत वळले की चित्र पालटते.

बारामतीचे दोन भाग सर्वज्ञात आहेत. नीरा डाव्या कालव्यामुळे बागायत झालेला पट्टा आणि सुपे, मोरगाव, लोणी भापकर, उंडवडी, शिर्सुफळ या बाजूचा जिरायत पट्टा. इंदापुरातही निमगाव केतकी, लासुर्णे, वालचंदनगर, बावडा ही बाजारपेठेची गावे एका बाजूला, तर उजनी जलाशयाच्या काठची आडवळणाची गावे दुसऱ्या बाजूला. या सर्व गावांतील मुले-मुली शिक्षणासाठी बारामती, शारदानगर, इंदापूर, भिगवण येथे येतात. औद्योगिक वसाहतीतील कारखाने आणि वस्त्रोद्योग संकुलातील कामगार, त्यातही महिला, पाळीच्या वेळेनुसार ये-जा करतात. रुग्ण, कचेरीत खेटे घालणारे शेतकरी, बाजारकरी यांची भर पडते ती वेगळीच.

गेल्या काही वर्षांत ही संख्या वाढण्यास सरकारी निर्णयांचाही हातभार लागला. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, तर महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला. गाड्यांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. करोनापूर्वी महामंडळाकडे सुमारे १८ हजार बस होत्या. नंतरच्या काळात हा आकडा १५ हजारांच्या आसपास आला. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या, नव्यांच्या खरेदीला विलंब झाला. २०२५ मध्ये नव्या लालपरी येऊ लागल्या असल्या, तरी मधल्या काळात पडलेले खिंडार लगेच बुजणारे नाही. प्रवासी वाढले आणि गाड्या घटल्या, या पार्श्वभूमीवर गाडीच्या माहितीचे मोल वाढते.

यंत्रणेची वाटचाल

सार्वजनिक वाहनांत मागोवा उपकरण असावे, या आग्रहाचे मूळ वक्तशीरपणात नाही, सुरक्षिततेत आहे. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये चालत्या बसमध्ये एका तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतर देशभर संताप उसळला. त्यानंतर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१६ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारे उपकरण आणि संकटकाळी दाबायचे बटण बंधनकारक करण्याचे ठरवले. प्रत्यक्ष अंमलाला मुदतवाढी मिळत गेल्या आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या वाहनांना हा नियम लागू झाला. 'एआयएस-१४०' या नावाने ओळखले जाणारे मानक ते हेच.

महामंडळाने आपला प्रकल्प ऑगस्ट २०१९ मध्ये, दिवाकर रावते परिवहनमंत्री असताना सुरू केला. प्रारंभ नाशिक विभागातून झाला. बसमध्ये उपकरण आणि स्थानकात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वेळ दाखवणारे दूरचित्रवाणीसारखे फलक, असे त्याचे दुहेरी स्वरूप होते. काही महिन्यांतच करोनाची टाळेबंदी आली. ती संपते न संपते तोच ऑक्टोबर २०२१ अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. गाड्याच आगारात उभ्या असताना त्यांचा मागोवा घेणार तरी कोण? पुढे राज्यातील अनेक स्थानकांवरचे फलक बंद असल्याच्या किंवा चुकीची वेळ दाखवत असल्याच्या तक्रारी येत राहिल्या. थोडक्यात, उपकरणे बसली, पण त्यांचा प्रवाशाला उपयोग होण्यास सहा वर्षे लागली. ही दिरंगाई तंत्रज्ञानाची नव्हती. मिळालेल्या माहितीची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले नव्हते.

दुबळा दुवा कोणता?

यंत्रणेचे तत्त्व सोपे आहे. बसमधील उपकरण उपग्रहांच्या संकेतांवरून आपले ठिकाण व वेग ठरवते आणि मोबाइल सिमकार्डाच्या साहाय्याने ते संगणकाला कळवते. संगणक ते ठिकाण रस्त्याच्या नकाशावर बसवतो, पुढच्या थांब्यांपर्यंतचे अंतर काढतो आणि गाडी किती वाजता पोहोचेल याचा अंदाज बांधतो. मोबाइलचे जाळे विरळ असलेल्या भागात उपकरण माहिती साठवून ठेवते व जाळे मिळताच पाठवते. अशा वेळी प्रवाशाला गाडी मागच्याच गावात उभी असल्याचे दिसते आणि प्रत्यक्षात ती त्याच्या थांब्यावरून निघून गेलेली असू शकते. जलाशयाकाठच्या किंवा माळरानावरच्या गावांना हा अनुभव येण्याची शक्यता अधिक.

त्याहून मोठा प्रश्न उपग्रहाशी निगडित नाही. तो आगारातील टेबलाशी निगडित आहे. उपकरण केवळ वाहनाचा क्रमांक जाणते. ते वाहन आज कोणत्या फेरीवर आहे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. दररोज पहाटे कोणती गाडी, कोणता चालक आणि कोणता वाहक कोणत्या फेरीवर जाणार, ही कामगिरी आगारात लावली जाते. ऐनवेळी एखादी गाडी नादुरुस्त झाली, तर दुसऱ्या फेरीची गाडी तिच्या जागी धाडली जाते. वाहक गैरहजर असेल तर फेऱ्यांची अदलाबदल होते. वाहतूक नियंत्रक हा बदल कागदावर करतो, तोंडी सांगतो आणि गाडी निघते. संगणकात मात्र सकाळचीच नोंद कायम राहिली, तर भवानीनगरकडे जाणारी गाडी नकाशावर भिगवणकडे जाताना दिसेल. उपकरण अचूक, नकाशा अचूक, तरीही प्रवाशाला मिळालेली माहिती खोटी.

शहरात अशी चूक पचून जाते, कारण दहा मिनिटांनी दुसरी बस येते. ज्या गावाची पुढची गाडी तीन तासांनी आहे, तेथे एका चुकीच्या नोंदीने परीक्षा बुडू शकते, रोजंदारी बुडू शकते, दवाखान्यातील नंबर जाऊ शकतो. असे दोनदा घडले की प्रवासी ॲप काढून टाकतो आणि वडापच्या जीपची वाट धरतो. विश्वास गमावण्यास दोन दिवस पुरतात, कमावण्यास वर्षे जातात.

रद्द फेरीचे मौन

खेड्यातील प्रवाशाचा मूळ प्रश्न 'गाडी कुठे आहे' हा नसून 'गाडी येणार आहे का' हा असतो. मागोवा यंत्रणा धावणाऱ्या गाडीचे ठिकाण सांगते. जी गाडी आगारातून सुटलीच नाही, तिच्याबद्दल ती गप्प राहते. नकाशावर गाडी दिसत नाही, याचा अर्थ ती अद्याप निघायची आहे, उपकरण बंद आहे की फेरीच रद्द झाली आहे, हे प्रवाशाने ओळखायचे कसे?

गाड्यांचा तुटवडा असताना फेऱ्या रद्द होणे टळत नाही, हे समजण्यासारखे आहे. कोणती फेरी रद्द करायची, हे ठरवताना मात्र सामान्यतः उत्पन्न आणि भारमान यांचा विचार होतो. लांब पल्ल्याची गाडी राखली जाते आणि आडगावच्या फेरीवर गदा येते. ही फेरी बहुधा शाळा-महाविद्यालयाची असते. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत आहे. अनेक मुलींना तर पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. शासन सवलतीची भरपाई देते. तरीही पासधारकांनी भरलेली गाडी वाहकाच्या रोख हिशेबात रिकामी भासते. प्रत्यक्षात त्या गाडीची किंमत पैशात मोजता येणारी नाही. संध्याकाळची शेवटची गाडी दोन-चार वेळा आली नाही, की घरात चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत पहिला बळी जातो तो मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा.

येथे मागोवा यंत्रणेचा उपयोग आहे, मात्र तो ॲपपलीकडचा आहे. कोणत्या गावची फेरी महिन्यात किती वेळा सुटली, किती वेळा उशिरा पोहोचली, किती वेळा सुटलीच नाही, याची निर्विवाद नोंद प्रथमच उपलब्ध होत आहे. आजवर ग्रामपंचायतीने ठराव करायचा, विद्यार्थ्यांनी निवेदन द्यायचे आणि आगाराने 'फेऱ्या सुरळीत आहेत' असे उत्तर द्यायचे, हा शिरस्ता होता. दोन्ही बाजूंकडे पुरावा नसे. आता तो आगाराकडे आहे. प्रश्न एवढाच की, तो प्रवाशालाही दिसणार का?

बाह्यवळणाने जाणाऱ्या गाड्या

पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला, बाह्यवळणे व उड्डाणपूल झाले आणि प्रवासाचा वेळ वाचला. त्याचबरोबर एक नवी तक्रार राज्यभरातील महामार्गांवर सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या ठरलेल्या स्थानकात न येता बाहेरूनच निघून जातात. स्थानकात ताटकळलेल्या प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो आणि गाडीतून उतरणाऱ्याला रात्री-अपरात्री महामार्गावर उतरावे लागते. भिगवण, इंदापूर यांसारख्या महामार्गावरील स्थानकांसाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

मागोवा यंत्रणेत स्थानकाभोवती संगणकीय कुंपण आखता येते. गाडी त्या कुंपणात आली की नाही, किती मिनिटे थांबली, याची नोंद आपोआप होते. स्थानक टाळणाऱ्या गाडीची माहिती त्याच दिवशी विभागीय कार्यालयाला मिळू शकते. वेगमर्यादेचे उल्लंघन आणि विनाकारण थांबे यांचेही तसेच.

तथापि, ही यंत्रणा चालक-वाहकांच्या पाठीमागे लावलेला चाबूक ठरली, तर ती यशस्वी होणार नाही. उशिराचे कारण बहुतेक वेळा चालकाच्या हाती नसते. वेळापत्रकातील धाववेळ जुन्या रस्त्यांवर, जुन्या रहदारीवर बेतलेली असते. ऊस गाळप हंगामात माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्यांच्या रांगांमागे बसला तासन् तास रखडावे लागते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते. त्या दिवसांत रस्ते बंद होतात आणि गाड्या वळवल्या जातात. पाटस-बारामती-इंदापूर-अकलूज पालखी महामार्गाच्या कामाने आधी वेळ वाढवला, आता रुंद झालेल्या टप्प्यांवर तो घटला. यांतले काहीही छापील वेळापत्रकाला ठाऊक नसते.

समजा, बारामती-इंदापूर फेरीला कागदावर दीड तास दिला आहे आणि हंगामात तिला रोज पावणेदोन तास लागतात. चालकाने वेळ गाठायची तर वेग वाढवायचा किंवा थांबे टाळायचे, हेच दोन मार्ग उरतात. दोन्ही प्रवाशाच्या मुळावर येणारे आहेत. वर्षभराच्या नोंदीवरून हंगामनिहाय धाववेळ ठरवता आली, तर चालकावरील ताण घटेल, डिझेल वाचेल आणि प्रवाशाला दिलेली वेळ पाळली जाईल. यंत्रणेचा सर्वांत मोठा, पण सर्वांत कमी चर्चिला जाणारा लाभ हाच आहे. कर्मचाऱ्यांचा विरोध मावळायचा असेल, तर या नोंदींचा पहिला उपयोग त्यांच्या बाजूने होताना दिसला पाहिजे.

इतरांचा अनुभव

शेजारच्या कर्नाटकात म्हैसूर शहरात २०१२ मध्ये अशी यंत्रणा सुरू झाली. कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या सुमारे ५०० शहर बसना जागतिक बँक व जागतिक पर्यावरण सुविधा निधीच्या साहाय्याने उपकरणे बसवण्यात आली. थांब्यांवर फलक लागले, बसमध्ये पुढच्या थांब्याची घोषणा होऊ लागली. लंडनमध्ये २००९ पर्यंत ८ हजारांच्या आसपास बस अशा जाळ्यात आल्या. पुण्यात पीएमपीनेही ऑगस्ट २०२४ मध्ये आपले ॲप आणले. दिल्लीने २०१८ मध्ये बसच्या ठिकाणांची माहिती सर्वांसाठी खुली केली, जेणेकरून कोणालाही त्यावर आधारित ॲप तयार करता यावे. अमेरिकेतील सिॲटल येथील 'वनबसअवे' या सेवेच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. माहिती नसलेल्या प्रवाशाला प्रतीक्षा असते त्यापेक्षा लांब वाटते. गाडीची नेमकी वेळ ठाऊक असलेल्याला तसे वाटत नाही.

ही सारी उदाहरणे प्रामुख्याने शहरांची आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. तेथे फेऱ्या वारंवार असतात, म्हणून माहितीने प्रतीक्षा सुसह्य होते. ग्रामीण भागात माहितीने निर्णय बदलतो. गाडी तासभर उशिरा आहे हे आधी कळले, तर शेतकरी तेवढा वेळ शेतात थांबतो, विद्यार्थिनी ग्रंथालयात थांबते, आई लेकराला उन्हात फाट्यावर घेऊन उभी राहत नाही. माहितीचा लाभ खेड्यात अधिक आहे आणि ती पोहोचवण्याची साधने खेड्यात कमी आहेत, हा या विषयातील विरोधाभास आहे.

सुरक्षितता: फलकापलीकडचा प्रश्न

पुण्यातील स्वारगेट स्थानकात २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे एका तरुणीवर उभ्या बसमध्ये अत्याचार झाला. ती फलटणच्या गाडीची वाट पाहत होती. तुमची गाडी दुसरीकडे लागली आहे, असे खोटे सांगून तिला त्या बसकडे नेण्यात आले, असे पोलिसांच्या तपासातून पुढे आले. त्या घटनेनंतर सुरक्षारक्षक, कॅमेरे, प्रकाशव्यवस्था यांवर भरपूर चर्चा झाली आणि ती आवश्यकही होती. परंतु आपली गाडी कुठे लागते, ही साधी माहिती एका प्रवाशाला अनोळखी माणसाकडून घ्यावी लागली, या बाबीकडे पुरेसे लक्ष गेले नाही. बारामती, इंदापूर, फलटण या भागांतील असंख्य महिला त्याच स्थानकातून पहाटे आणि रात्री प्रवास करतात. विश्वासार्ह माहिती ही सुरक्षिततेचाच भाग आहे, हे या घटनेने दाखवून दिले. अर्थात गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगाराचीच. मात्र फसवणुकीला वाव देणारी पोकळी भरून काढणे व्यवस्थेच्या हाती आहे.

बारामतीला मार्च २०२४ मध्ये नव्या, प्रशस्त बसस्थानकाचे उद्घाटन झाले. इमारत देखणी आहे, यात वाद नाही. तथापि, स्थानकाची खरी ओळख तेथे मिळणाऱ्या माहितीच्या खरेपणावर ठरेल. फलाटावरचा फलक, ध्वनिक्षेपकावरची घोषणा आणि मोबाइलवरचा नकाशा हे तिन्ही एकच वेळ सांगत असतील, तरच प्रवासी निर्धास्त होईल.

करायचे काय?

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. पहिली गोष्ट, कामगिरीतील प्रत्येक बदल गाडी फाटकाबाहेर पडण्यापूर्वी संगणकात नोंदवला गेला पाहिजे आणि ती जबाबदारी एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे हवी. दुसरी, रद्द झालेली फेरी 'रद्द' म्हणून स्पष्ट दाखवली पाहिजे; ती नुसती नकाशावरून गायब होता कामा नये. तिसरी, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशांसाठी साधा लघुसंदेश, चौकशी खिडकीवरील दूरध्वनी आणि स्थानकातील ध्वनिक्षेपक यांनाही हीच माहिती जोडली पाहिजे. ७५ वर्षांवरील मोफत प्रवाशाकडून नकाशा वाचण्याची अपेक्षा ठेवणे रास्त नाही. चौथी, प्रत्येक आगाराने गावनिहाय सुटलेल्या व रद्द झालेल्या फेऱ्यांचा मासिक तक्ता स्थानकात लावावा. पाचवी, शाळा-महाविद्यालयांच्या फेऱ्या आणि गावची शेवटची गाडी यांना रद्द करण्याच्या यादीत सर्वांत शेवटचे स्थान द्यावे.

यातील पहिल्या चार गोष्टी यंत्रणा करू शकते. पाचवी गोष्ट धोरणाची आहे आणि कोणतेही उपकरण ती करू शकत नाही. गाड्यांची संख्या अपुरी असेल, तर मागोवा यंत्रणा त्या तुटवड्याचे अचूक चित्र दाखवेल, तुटवडा भरून काढणार नाही. मात्र हे चित्र लोकांसमोर आले, तर कोणत्या गावाच्या वाट्याला किती एसटी येते, हा प्रश्न आकडेवारीनिशी विचारता येईल.

'जिथे रस्ता तिथे एसटी' हे महामंडळाचे ब्रीद राहिले आहे. रस्ते आता बहुतेक गावांत पोहोचले. शिर्सुफळच्या किंवा बावड्याच्या थांब्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला त्या रस्त्यावर आज संध्याकाळी गाडी येणार आहे की नाही, हे चार वाजता खात्रीने सांगता आले, तर या यंत्रणेवर झालेला खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.